किर्बीच्या पेन्सिलीवर शाई कोणाची? सुपरहिरो कॉमिक्समधल्या इंकिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कोणी कॉमिक्स बघायला आलं की मी दोन पानं शेजारी-शेजारी ठेवतो. एक 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या ४८व्या अंकातलं, दुसरं 'थॉर'च्या १२६व्या अंकातलं. दोन्ही अंकांवर महिना एकच, मार्च १९६६. दोन्ही जॅक किर्बीने काढलेली. समोरचा हमखास म्हणतो, "छे, ही दोन वेगळ्या माणसांची चित्रं आहेत." एका अर्थी त्याचं बरोबरच असतं. या कॉमिक्समध्ये एक जण पेन्सिलीने चित्र काढायचा आणि त्यावर शाई करायचा तो बहुतेकदा दुसराच, म्हणजे इंकर. इथे पेन्सिल एकाची असली तरी शाई दोघांची आहे. पहिल्यावर जो सिनॉटची, दुसऱ्यावर व्हिन्स कोलेटाची. तिथून पुढे जे प्रश्न सुरू होतात ते बहुतेक तेच ते असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले.

इंकर म्हणजे पेन्सिलीच्या रेघा गिरवणारा माणूस ना?

हा टोमणा इंकर मंडळी आयुष्यभर ऐकत आली आहेत. एक साधी गोष्ट करून बघा. शर्टाच्या कोपरापाशी पडलेली चुणी पेन्सिलीने काढा. तुम्ही एक रेघ काढणार नाही. तीन-चार काढाल, एकीवर एक, काही फिकट, काही दाबून. खाली सावलीसाठी पेन्सिल आडवी धरून थोडं घासाल. आता त्यावर शाई करायची. त्या चार रेघांपैकी खरी कोणती? तिची जाडी किती? राखाडी घासलेला भाग काळा करायचा, की बारीक रेघांनी भरायचा, की सोडून द्यायचा? कापड सुती आहे की चामड्याचं?

जुन्या छपाईला राखाडी रंग कळतच नसे. कॅमेऱ्याला एक तर काळं दिसायचं, नाही तर पांढरं. म्हणजे पेन्सिलवाल्याने जे जे अधांतरी सोडलं, ते ते इंकरला ठरवावंच लागे. गिरवणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही, आणि इंकरचं तर एका चौकटीतही पन्नास वेळा ठरवल्याशिवाय भागत नाही.

मग पेन्सिलवालाच शाई का करत नसे?

वेळ आणि पैसा. मासिक अंक महिन्याच्या महिन्याला निघायलाच हवा, आणि किर्बीसारखा माणूस एकाच वेळी तीन-चार मालिका ओढत असे. त्याने शाई करत बसणं प्रकाशकाला परवडणारं नव्हतं. दोघांनाही पानाच्या हिशेबाने मोबदला, त्यामुळे काम वाटून दिलं की अंक लवकर सुटे.

स्वतःच शाई करणारेही होते. स्टीव्ह डिट्कोने 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चे पहिले ३८ अंक (१९६३ ते १९६६) स्वतःच पेन्सिल आणि स्वतःच शाई करून काढले. म्हणूनच ती मालिका इतकी एकसंध दिसते, आणि म्हणूनच डिट्कोची शाई ओळखायला तिथून शिकणं सोपं जातं.

ब्रश की निब, हे छापील पानावरून कसं ओळखायचं?

ज्यांनी लहानपणी बोरू किंवा टाक हातात धरलाय त्यांना हे निम्मं येतंच. बोरूची रेघ त्याच्या कापलेल्या टोकाच्या कोनामुळे जाड-बारीक होते. हात ज्या दिशेला जाईल त्यावर जाडी ठरते. टाकाचं तसं नाही. तिथे दाब दिला की निबेचे दोन पाय फाकतात आणि रेघ फुगते, दाब सोडला की बारीक होते. अमेरिकन इंकर वापरत ते 'हंट १०२' किंवा 'जिलॉट' ही या दुसऱ्या जातीतली, लवचिक पोलादाची निबं. रेघ थोडी ताठ, टोकाला धारदार. वरच्या दिशेला ढकलली की निब कागदात अडकते आणि शाई उडते, म्हणून निबेच्या रेघा बहुतेक वेळा हाताकडे ओढलेल्या असतात. समांतर, बारीक, सुईसारख्या रेघांचा ताफा दिसला की निब समजा.

ब्रशची रेघ वेगळी. जुन्या इंकरांचा लाडका ब्रश म्हणजे 'विन्सर अँड न्यूटन'चा सिरीज ७, सायबेरियन मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा, तीन नंबरचा वगैरे. पोटात भरपूर शाई धरतो आणि तरी टोक सुईसारखं राहतं. त्याने काढलेली रेघ केसाइतक्या बारकाईने सुरू होते, मधे बोटभर जाड होते आणि पुन्हा केसाइतकी होऊन संपते, तीही एकाच झटक्यात. दंडाच्या स्नायूंवर काळ्यातून बाहेर निघणाऱ्या, गहू किंवा पिसासारख्या निमुळत्या रेघा दिसतात ना, त्याला 'फेदरिंग' म्हणतात. चांगलं फेदरिंग पाहिलं की त्या हाताचा हेवा वाटतो. मी एकदा स्वस्तातला कृत्रिम केसांचा ब्रश आणून ते करायला गेलो, तर तिसऱ्याच रेघेला टोक फाटलं आणि थॉरच्या दंडाला दोन शेपट्या फुटल्या.

तिसरं हत्यार रॅपिडोग्राफसारखा टेक्निकल पेन. याची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. इमारती, यंत्रं, खिडक्यांच्या रांगा यासाठी झकास. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र अनेकदा मेलेली वाटते.

सुरुवात कुठून करू?

किर्बीपासून. दुसरं कोणी सुचवलं तरी ऐकू नका.

कारण सोपं आहे. किर्बीवर जितक्या वेगवेगळ्या लोकांनी शाई केली तितकी क्वचितच कोणावर झाली असेल, आणि त्याची पेन्सिल इतकी ठाम होती की इंकर बदलला तरी रचना हलत नाही. रचना जागेवर असली की फरक फक्त शाईचा उरतो आणि तुमची नजर आपोआप तिकडे जाते.

डिक आयर्सची शाई जरा खडबडीत, गावरान, राक्षसांच्या गोष्टींना शोभणारी. चिक स्टोनने १९६४ च्या आसपास किर्बीवर जाड, ठसठशीत बाह्यरेषा दिली. त्या काळातली पानं दुरूनसुद्धा वाचता येतात, पोस्टरसारखी. स्टीव्ह डिट्कोने 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या १३व्या अंकावर (१९६३) शाई केली आणि अचानक किर्बीच्या माणसांच्या हाताची बोटं डिट्कोसारखी वाकडी-तिकडी वळायला लागली, चेहरे चिंताक्रांत झाले. स्पायडर-मॅनच्या पहिल्या दर्शनाचं 'अमेझिंग फँटसी' १५चं मुखपृष्ठही (ऑगस्ट १९६२) असंच, किर्बीची पेन्सिल, डिट्कोची शाई.

आणि वॉली वूड. १९५८ पासून 'स्काय मास्टर्स' या वृत्तपत्री पट्टीवर आणि 'चॅलेंजर्स ऑफ द अननोन'च्या काही अंकांवर त्याने किर्बीला शाई केली. वूडचा प्रकाश नाट्यमय असतो. चेहऱ्यावर एका बाजूने मुख्य उजेड आणि मागच्या बाजूने दुसरी एक उजेडाची कड, मधे गडद पट्टा. किर्बीचे अंतराळवीर त्याच्या शाईत इतके देखणे आणि चकचकीत दिसतात की कधी कधी मला शंका येते, हे किर्बी आहेत की वूड. याचं उत्तर 'दोन्ही' असं देऊन लोक सुटतात. माझ्या मते 'स्काय मास्टर्स'मध्ये साठ टक्के वूड आहे.

जो सिनॉटला सगळे एवढे का मानतात?

'फॅन्टॅस्टिक फोर'चा पाचवा अंक (१९६२, डॉक्टर डूमचा पहिला) सिनॉटने शाईत केला होता, पण मग तो दुसऱ्या कामात गेला. ४४व्या अंकापासून (१९६५ अखेर) परत आला आणि किर्बी १९७० मध्ये १०२व्या अंकानंतर मालिका सोडून गेला तोपर्यंत जवळजवळ अखंड राहिला. न्यू यॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज गावी बसून तो काम करायचा, पानं टपालाने यायची-जायची.

त्याचं काम भिंग घेऊन बघायचं असेल तर 'द थिंग' म्हणजे बेन ग्रिम घ्या. त्याच्या अंगावरची दगडी खपली एक एक करून बघा. प्रत्येक खपलीची उजेडाकडची कड बारीक आहे, सावलीकडची जाड, आणि जिथे तीन खपल्या मिळतात तिथे एक छोटा काळा त्रिकोण. किर्बीच्या पेन्सिलीत हा हिशेब इतका काटेकोर नसे. सिनॉटने तो प्रत्येक खपलीवर, प्रत्येक चौकटीत, महिन्यामागून महिने केला. त्यामुळेच बेन ग्रिम दगडाचा वाटतो, नाही तर तो नारिंगी चिखलाचा झाला असता.

तसंच सिल्व्हर सर्फर. गुळगुळीत धातूवर शाईने चमक दाखवायची म्हणजे पांढऱ्याच्या शेजारी कडक काळा आणि मधे काहीच नाही, अशी उडी मारावी लागते. सिनॉटची ती उडी कधी चुकत नाही. किर्बीचे ते प्रसिद्ध काळे ठिपके, ज्यांना चाहते 'किर्बी क्रॅकल' म्हणतात, सिनॉटच्या हातून गोल, स्वच्छ आणि मोजून-मापून ठेवल्यासारखे येतात.

किर्बी गेल्यावरही सिनॉट 'फॅन्टॅस्टिक फोर'वर बराच काळ राहिला. पेन्सिलवाले येत-जात राहिले, मालिकेचा चेहरा फारसा बदलला नाही. त्या टिकण्याचं श्रेय कोणाचं हे वेगळं सांगायला नको. २०१९ पर्यंत तो स्पायडर-मॅनच्या रविवारच्या पट्टीवर शाई करत होता. २०२० मध्ये ९३व्या वर्षी गेला.

आणि व्हिन्स कोलेटा? त्याला सगळे शिव्या का घालतात?

हा प्रश्न आला की मी खुर्ची पुढे ओढून बसतो.

आरोप खरा आहे, आधी ते सांगतो. कोलेटा झपाट्याने काम करायचा आणि त्या झपाट्यासाठी किर्बीने काढलेल्या गोष्टी खोडून टाकायचा. मागची इमारत, गर्दीतली माणसं, खिडक्या, एखाद्या तोफेवरचे खिळे. रबर फिरवलं की काम कमी. कधी संपूर्ण आकृतीला काळ्या सावलीत बुडवून टाकायचा, म्हणजे तपशील काढायलाच नको. ज्या अंकांच्या पेन्सिलीच्या छायाप्रती शिल्लक राहिल्या आहेत ते छापील पानाशी ताडून बघितले की ही चोरी सरळ दिसते. मोजायची गरजही पडत नाही.

पण 'थॉर'. कोलेटा प्रेमकथांच्या कॉमिक्समधून आला होता आणि त्याची निब केसासारखी बारीक चाले. असगार्डच्या, म्हणजे थॉरच्या देवलोकातल्या दाढ्या, लोकरी अंगरखे, शिंग लावलेली शिरस्त्राणं, धुके, किल्ल्यांचे दगड यावर त्या बारीक रेघांमुळे एक जुनाट, पुराणपोथीतल्या चित्रासारखा रंग चढतो. सिनॉटने तेच केलं असतं तर असगार्ड नवा-कोरा, लॅमिनेट केल्यासारखा दिसला असता. कोलेटाने असगार्डवर धूळ बसवली आणि मला ती धूळ आवडते. १९६९-७० च्या काही अंकांवर नंतर बिल एव्हरेटने शाई केली, तोच एव्हरेट ज्याने १९३९ मध्ये सब-मरिनर निर्माण केला. त्याच्या हातात थॉर पुन्हा गोलाईदार आणि जरा ओला-ओला दिसतो. ती पानं तांत्रिकदृष्ट्या जास्त चांगली आहेत. तरी मी वाचायला कोलेटाच काढतो.

'फॅन्टॅस्टिक फोर'च्या ज्या मोजक्या अंकांवर कोलेटा होता तिथे मात्र मी त्याची वकिली करणार नाही. यंत्रसामग्री आणि प्रयोगशाळांना ती लोकरी रेघ शोभत नाही.

इंकरने पेन्सिलीशी प्रामाणिक राहावं की आपलं काही घालावं?

१९७० मध्ये किर्बी मार्व्हल हा प्रकाशक सोडून डीसी या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेला आणि 'न्यू गॉड्स', 'मिस्टर मिरॅकल' वगैरे मालिका सुरू केल्या. सुरुवातीला तिथेही कोलेटाच. १९७१ मध्ये किर्बीच्या आग्रहाने काम माइक रॉयरकडे गेलं. रॉयर पेन्सिलीत जे आहे तेवढंच करायचा, गाळायचा नाही आणि वाढवायचाही नाही. एकदाच त्याने 'मिस्टर मिरॅकल'मधल्या बिग बार्डाचा चेहरा जरासा देखणा केला, तर किर्बीने चेहऱ्यांना हात लावायचा नाही असं बजावलं. त्यानंतर रॉयरने लावला नाही.

याच काळात उलट टोकही घडत होतं. 'जिमी ओल्सन' मालिकेत किर्बीने काढलेला सुपरमॅनचा चेहरा डीसीच्या संपादकांना आपला वाटेना. ते चेहरे अल प्लास्टिनो आणि मर्फी अँडरसनकडून पुन्हा काढून घेतले. धड किर्बीचं, डोकं दुसऱ्याचं. गणपतीची गोष्ट आपल्याला माहीत आहे, पण तिथे निदान शिव स्वतः हजर होते.

तर प्रामाणिक कोण? रॉयरची पानं बघितली की किर्बी तसाच्या तसा दिसतो, खडबडीत कोपऱ्यांसकट. सिनॉटची पानं बघितली की किर्बी आंघोळ करून, भांग पाडून आल्यासारखा दिसतो. नव्याने वाचणाऱ्याने सिनॉटपासून सुरुवात करावी, म्हातारपणी रॉयर आवडायला लागतो.

काळं कुठे भरायचं हे कोण ठरवतं?

अनेक पेन्सिलवाले काळ्या जागेत नुसती एक फुली मारून सोडत. शाईवाल्याने ती भरायची. काही काळे तो स्वतःही वाढवायचा. पानावर नजर कुठून कुठे जाणार हे या काळ्या ठोकळ्यांवरच अवलंबून असतं. पान उलटं धरून बघा. चेहरे, संवाद काही कळणार नाही, फक्त काळ्याचे डाग दिसतील. ते डाग पानभर एका वळणाने फिरत असतील तर शाईवाल्याला कळतंय. सगळीकडे सारखेच शिंपडले असतील तर त्याने फक्त भरून टाकलंय.

जीन कोलनला शाई करणं अवघड होतं असं म्हणतात, का?

कोलनच्या पेन्सिलीत रेघ कमी आणि राखाडी छटा फार. धूर, धुकं, अर्धवट अंधार. फोटोला शाई कराल तशी ती पानं. बहुतेक इंकरांनी तिथे रेघ ठरवायला जाऊन कोलन मारून टाकला. टॉम पामरने ते केलं नाही. 'टोम्ब ऑफ ड्रॅक्युला'च्या (१९७२ ते १९७९) बहुतांश अंकांवर त्याची शाई आहे आणि तिथे ब्रश, निब आणि बारीक ठिपक्यांच्या चिकटवायच्या छापील पडद्या, सगळं एकत्र येऊन राखाडी भास निर्माण होतो. ड्रॅक्युला सुपरहिरो नाही हे मान्य. पण शाई शिकायची तर हे पुस्तक टाळता येणार नाही. पामर पुष्कळदा रंगही स्वतः करायचा, म्हणून काळं कुठे थांबवायचं आणि पुढचं काम रंगावर कुठे सोडायचं हे त्याला ठाऊक असे. नील अॅडम्सच्या 'एक्स-मेन' आणि १९७१-७२ च्या 'अॅव्हेंजर्स'वरही तोच होता.

नील अॅडम्सला डिक जॉर्डानो जास्त शोभतो की पामर?

दोघांचं नातं वेगळं. पामर अॅडम्सला ओला, चकचकीत, जाहिरातीतल्या चित्रासारखा करतो. जॉर्डानोची रेघ कोरडी, चपळ, थोडी तुटक. 'बॅटमॅन'च्या २३२व्या अंकात (१९७१) बघा, हिमालयातल्या बर्फाला तो कोरडेपणा फार शोभलाय. मला बॅटमॅनसाठी जॉर्डानो हवा, मार्व्हलसाठी पामर. यापेक्षा जास्त मत माझं नाही.

टेरी ऑस्टिन आणि क्लाउस जॅन्सन, दोघांचं नाव नेहमी जोडीने का येतं?

एकाच काळातली दोन टोकं म्हणून. ऑस्टिनने जॉन बर्नच्या 'एक्स-मेन'वर (१०८ ते १४३, १९७७ ते १९८१) शाई केली. काचेसारखी स्वच्छ, बारीक, प्रत्येक बटन मोजता येईल अशी. कंट्रोल पॅनेलच्या गर्दीत तो गमतीही लपवायचा, कुठे पॉपायच डोकावतो. बर्नची पेन्सिल तशीही सुबक, ऑस्टिनने तिला इस्त्री केली.

जर्मनीत जन्मलेला आणि लहानपणीच अमेरिकेत आलेला जॅन्सन याच्या उलट. फ्रँक मिलरच्या 'डेअरडेव्हिल'वर (१९७९ पासून) त्याचा ब्रश कधी अर्धवट सुकलेला, कागदावर फरफटत गेलेला दिसतो. पाऊस, विटा, गल्लीतली घाण. पुढे पुढे मिलर फक्त ढोबळ मांडणी करायचा आणि चित्र पूर्ण करायचं काम जॅन्सनचं. १९८६ च्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्येही शाई त्याचीच.

आता गंमत. मिलरच्या पहिल्या फेरीतला शेवटचा अंक, 'डेअरडेव्हिल' १९१ (१९८३), जॅन्सनऐवजी टेरी ऑस्टिनने शाईत केला. हॉस्पिटलच्या खोलीत पडलेला खलनायक बुल्सआय, शेजारी बसलेला डेअरडेव्हिल, हातात रिव्हॉल्व्हर. त्याआधीचा कुठलाही जॅन्सनचा अंक शेजारी ठेवा. ऑस्टिनच्या खोलीत चादरीची घडीसुद्धा नेटकी आहे, उजेड समसमान आहे, लपायला जागा नाही. जॅन्सनने केली असती तर अर्धी खोली काळी झाली असती. त्या गोष्टीला कोणतं जास्त शोभलं असतं यावर माझं आणि माझ्या मित्राचं १५ वर्षं भांडण आहे. तो म्हणतो जॅन्सन. मी म्हणतो तो स्वच्छ, दवाखान्याचा उजेडच अंगावर काटा आणतो.

एकाच पानावर दोन-तीन इंकर असू शकतात का?

हो, आणि वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा. मुख्य इंकर माणसं करायचा, मदतनीस मागच्या इमारती, गाड्या, काळं भरणं. १९७८ च्या सुपरमॅन आणि मुहम्मद अलीच्या मोठ्या आकाराच्या पुस्तकात अॅडम्सच्या पेन्सिलीवर आकृत्या जॉर्डानोच्या आहेत आणि पार्श्वभूमी टेरी ऑस्टिनची. मुठीची रेघ आणि मागच्या प्रेक्षागृहाची रेघ वेगळी दिसली तर तुमचे डोळे चुकत नाहीत.

जुन्या अंकात इंकरचं नावच नसतं, किंवा विचित्र नाव असतं. मग कळणार कसं?

पन्नासच्या दशकापर्यंत श्रेय छापण्याची पद्धतच फारशी नव्हती. साठच्या दशकात मार्व्हलने पहिल्या पानावर नावं द्यायला सुरुवात केली, पण काही मंडळी टोपणनावाने लिहायची, कारण दुसऱ्या प्रकाशकाला कळू द्यायचं नव्हतं. 'जॉर्ज बेल' म्हणजे जॉर्ज रूसोस, 'मिकी डेमिओ' म्हणजे माइक एस्पोझिटो, 'फ्रँकी रे' म्हणजे फ्रँक जियाकोया. 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या पहिल्याच अंकाची शाई कोणाची यावर अजून वाद आहे. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस या संकेतस्थळावर अंकाप्रमाणे नोंदी असतात. पण आधी स्वतः अंदाज बांधा, मग तिथे बघा. चुकलात तर का चुकलात ते पान बघून शोधा. माझी निम्मी शिकवणी अशीच झाली.

माझ्याकडे चकचकीत नवी आवृत्ती आहे. त्यात इंकिंग दिसतं का?

रेघ दिसते, पण पूर्ण सत्य नाही. जुने अंक स्वस्त, पिवळट न्यूजप्रिंटवर छापले जात आणि शाई थोडी पसरे. इंकर हे गृहीत धरूनच काम करायचे. शिवाय मूळ पान मोठं असे. १९६७ च्या आसपासपर्यंत ते छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट, नंतर १० बाय १५ इंचांच्या चित्रचौकटीत. लहान करताना बारीक रेघा आणखी बारीक होत किंवा नाहीशा. नव्या गुळगुळीत कागदावर संगणकाचे गडद रंग चढवले की काळ्याचा तो भार कमी वाटतो, काही पुनर्मुद्रणांत तर रेघा पुन्हा काढलेल्या असतात.

पैसे जमवता आले तर 'आर्टिस्ट्स एडिशन' प्रकारातलं एखादं पुस्तक बघा. २०१० पासून आयडीडब्ल्यू या प्रकाशकाने मूळ पानं त्यांच्याच आकारात, रंगीत स्कॅन करून छापली आहेत. त्यात खोडलेली पेन्सिल, पांढऱ्या रंगाचे ठिगळ, समासातली फुली, सगळं दिसतं.

आपल्याकडच्या कॉमिक्समध्ये असं काही बघता येईल?

नक्की. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघायचं आणि मराठीतही यायचं. त्यातला 'वेताळ' (मूळचा 'द फँटम') ज्यांनी रद्दीवाल्याकडून आणून वाचलाय त्यांनी नकळत एका अव्वल इंकरचं काम पाहिलंय. १९६१ पासून ती पट्टी काढणारा साय बॅरी त्याआधी डीसीमध्ये नावाजलेला इंकर होता. कवटीच्या गुहेतला मशालीचा उजेड, डेव्हिल लांडग्याच्या पाठीवरची लव, घोड्याच्या मानेवरचा काळा पट्टा, हे त्या सरावातून आलेलं ब्रशकाम आहे. जुना अंक सापडला तर गोष्ट सोडा, वेताळाच्या पोशाखावरचं काळं कुठे संपतं ते बघा.

अमर चित्र कथेतले राम वाईरकर आणि प्रताप मुळीकही या नजरेने पाहावेत. मुळीकांनी पुढे नागराजही काढला. दोघांच्या शाईत फरक आहे, आणि तो फरक शोधायला मुंबई-पुण्यातली जुन्या पुस्तकांची दुकानं पुरेशी आहेत.

मला स्वतः करून बघायचंय. काय लागेल?

एक बरा ब्रश (इथे कंजुषी नको, माझं थॉरचं वर आलंच आहे), वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग शाई, जाड ड्रॉइंग पेपर आणि एखाद्या पेन्सिल पानाची फिकट निळ्या रंगात छापलेली प्रत. किर्बीच्या काही पेन्सिल पानांच्या छायाप्रती पुस्तकांतून आणि मासिकांतून आल्या आहेत, त्यातलं एक पान घ्या. एकच पान दोनदा करा, एकदा सगळं ब्रशने, एकदा सगळं टाकाने. ब्रश वापरून झाल्यावर शाई धातूच्या पत्र्यापर्यंत चढली असेल तर तिथेच सुकते आणि ब्रश मरतो, म्हणून लगेच साबणाने धुवा आणि ओठांनी टोक करा. शाई तोंडात गेली तर चव आठवडाभर जात नाही, हेही सांगून ठेवतो.